जंजिरा पाहिला, मुरूड राहिले

हिवाळा आला की शाळांच्या सहली निघतात आणि रायगड जिल्ह्यातल्या मुरूडचे नाव हमखास यादीत असते. बस थेट राजपुरीच्या धक्क्यावर थांबते. मुले शिडाच्या होडीतून जंजिरा पाहतात, कलाल बांगडी तोफेजवळ फोटो काढतात आणि परततात. मुरूड गाव मात्र बसच्या खिडकीतूनच मागे पडते. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट खटकते, कारण या छोट्या नगरपरिषदेच्या गावात भूगोल आणि इतिहास दोन्ही उघड्या पुस्तकासारखे समोर आहेत.

आधी भूगोल. पश्चिमेला दर्या, पूर्वेला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळ-सुपारीच्या वाड्या. वाड्यांच्या सावलीतच घरे. गावाच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर राजपुरीची खाडी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या तोंडावरच्या खडकावर जंजिरा उभा आहे. 'जझीरा' म्हणजे अरबीत बेट. त्यावरूनच जंजिरा. चहूकडे खारे पाणी, पण किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. तोफांइतकेच या पाण्याने किल्ल्याला तारले.

आता इतिहास. हा किल्ला सांभाळणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, हबशी. म्हणून या मुलखाला हबसाण म्हणत. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून किंवा चाकरीसाठी दख्खनेत आले आणि हिमतीवर सरदार झाले. निजामशाही, आदिलशाही, मग मोगल असे धनी बदलले, किल्ला त्यांच्याकडेच राहिला. पुढे मुरूड ही संस्थानाची राजधानी झाली. आज गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात असलेले जाफराबादही याच नवाबांच्या अमलाखाली होते. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. नवाबांच्या शिकारीचे रान 1986 मध्ये फणसाड अभयारण्य म्हणून घोषित झाले.

इथे वर्गात एक प्रश्न हटकून येतो: "सर, सिद्दी आणि शिवाजी महाराज लढले, मग आपण कोणाच्या बाजूचे?" प्रश्न निरागस असतो, पण तो विचारताना मूल आजूबाजूला पाहते. उत्तर टाळले तर ते दुसरीकडून, भलत्याच रूपात मिळते. म्हणून आम्ही पद्मदुर्गाकडे वळतो.

मुरूडच्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह देण्यासाठी महाराजांनी तो कासा बेटावर बांधला. त्या कामाच्या रक्षणासाठी असलेल्या आरमाराचे अधिकारी होते दौलतखान आणि दर्यासारंग. त्यांच्याकडे पैसा आणि धान्य पोचवण्यात प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने हयगय केली. तेव्हा 1675 च्या जानेवारीत महाराजांनी त्याला अतिशय कडक पत्र लिहिले. ब्राह्मण म्हणून तुझी गय केली जाणार नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे दौलतखानाच्या रसदीत कसूर झाली म्हणून महाराज आपल्याच सुभेदारावर संतापले होते. ती लढाई सत्तेची आणि समुद्राची होती, धर्माची नव्हे. सिद्दींचे शौर्य खरे, महाराजांची दूरदृष्टी खरी, आणि किनाऱ्यावरच्या गावांनी दोन्हीकडून सोसलेली झळही खरी. मुलांना हे तिन्ही सांगावे. फुशारकी नको आणि शरमही नको.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी मुरूडला जाल तेव्हा किल्ल्यासोबत गावासाठीही अर्धा दिवस राखून ठेवा. राजपुरीजवळ खोकरीच्या दगडी कबरी पाहा. तिथे फातिहा पढून मुलांना सिद्दींची हकिकत सांगा. एकदऱ्याच्या कोळी बांधवांना विचारा, मासळी पूर्वीइतकी मिळते का? वाडीत जाऊन 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाबद्दल विचारा. सुपारी लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. एका दुपारी आडव्या झालेल्या झाडांची किंमत मुलांना तिथेच कळेल.

आणि होडीत बसाल तेव्हा पाण्याच्या रिकाम्या बाटल्या परत घेऊन या. ज्या किल्ल्याला शत्रू हरवू शकले नाहीत, त्याला आपला कचरा हरवू नये. ही आपल्या सर्वांची अमानत आहे.