पासवर्ड भिंतीवर, धोरण फाईलीत

कपिलधार म्हटलं की लोकांना मन्मथस्वामींची समाधी आठवते, धबधबा आठवतो, कार्तिकीची यात्रा आठवते. आम्हा इथल्या लोकांचे हेलपाटे मात्र वर्षभर सेवा केंद्राकडं. पीकविमा, लाडकी बहीण, उत्पन्नाचा दाखला... प्रत्येक वेळी आधार द्या, पासबुक द्या, ओटीपी सांगा.

एका केंद्रात मी स्वतः पाहिलंय. आयडी आणि पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेला. मालक बाहेरगावी, कामाला दोन पोरं, दोघांचं लॉगिन एकच. लोकांची आधार कार्डं त्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर. काम झाल्यावर ती पुसतात का? कोण बघतंय!

यात काय एवढं, असं वाटेल. मग पीकविमा आठवा. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा आला. अर्जामागं केंद्रचालकाला 40 रुपये मिळायचे. पुढं बीडसह अनेक जिल्ह्यांत सरकारी जमिनीवर, दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर विमा भरल्याचं निघालं. विधिमंडळात गाजलं. आणि 2025 च्या खरिपापासून एक रुपयाची सवलतच गेली. भुर्दंड कुणाला? खऱ्या शेतकऱ्याला.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, अर्ज भरला कुणी? एका आयडीवर चार जण बसत असतील तर याचं उत्तर कधीच मिळत नाही. खरा चोर सुटतो, नाहीतर पगारावरचं पोरगं अडकतं.

सरकारी कार्यालयांत तरी वेगळं काय आहे? तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं. पण ‘झिरो तलाठी’ हा शब्द मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. साहेबाच्या डिजिटल सहीचं डोंगल खासगी माणसाच्या हातात गेलं, की फेरफारावर सही साहेबाची आणि बोट दुसऱ्याचं.

कायदा नाही असं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 सालचा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. माहिती कोण उघडू शकतं यावर ताबा ठेवा, कुणी कधी उघडली याची नोंद किमान एक वर्ष जपा, माहिती फुटली तर संबंधित माणसाला कळवा, असं त्यात आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड 250 कोटींपर्यंत. पण या मुख्य तरतुदी लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे 2027 चा मे उजाडणार.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक माणसाला स्वतःचं लॉगिन द्या. ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढंच दिसू द्या. नोकरी सोडली की त्याच दिवशी लॉगिन बंद करा. आणि महत्त्वाचं, माझी माहिती कुणी उघडली ते मला बघता आलं पाहिजे. बँकेतून शंभर रुपये निघाले तरी मेसेज येतो. माझ्या सातबाऱ्यावर विमा भरला तर का येऊ नये?

नुसतं परिपत्रक काढून हे होणार नाही. एकच आयडी, बंद पडणारा सर्व्हर आणि दारात पन्नास माणसं, असं असल्यावर पोरगं पासवर्ड वाटणारच. आधी त्याची सोय करा, मग त्याला जबाबदार धरा.

आणि आपणही पुढच्या वेळी ओटीपी सांगण्याआधी एवढं विचारू: दादा, हा कशाचा ओटीपी आहे?