गव्हर्नराची ‘खाजगी’ पत्रे

थॉमस हचिन्सन हा ब्रिटिश अमदानीत मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर होता. त्याच्याइतका जनतेच्या रोषाचा धनी झालेला वसाहती अधिकारी विरळाच. परंतु बर्नार्ड बेलिन यांचे चरित्र १९७४ साली प्रसिद्ध झाल्यापासून त्याच्याकडे करुणेने पाहण्याची रीत विद्वानांत रुजली आहे. तो विद्वान होता, कर्तव्यदक्ष होता, आपल्या प्रांताचा इतिहासकार होता. त्याची खाजगी पत्रे चोरून छापली गेली आणि एका सज्जनाचा बळी गेला, असा या करुणेचा सूर असतो. यातील सर्व विशेषणे मान्य केली तरी निष्कर्ष मान्य करता येत नाही.

१७६७ ते १७६९ या काळातील ही पत्रे हचिन्सनने लंडनला थॉमस व्हेटली यास लिहिली होती. स्टॅम्प अ‍ॅक्टच्या मसुद्यामागे ज्याचा हात होता, तोच हा पार्लमेंटचा सभासद. त्याच्या मृत्यूनंतर ती बेंजामिन फ्रँकलिनच्या हाती आली. १७७२ च्या डिसेंबरात त्याने ती बोस्टनला धाडली आणि १७७३ च्या जूनमध्ये ती छापली गेली. तीन हजार मैल दूरच्या वसाहतीला मातृदेशातील सारे स्वातंत्र्य मिळणे अशक्य असून तेथील तथाकथित इंग्रजी स्वातंत्र्याचा संकोच झालाच पाहिजे, असे त्यात हचिन्सनने लिहिले होते. प्रजेचे हक्क कमी करण्याची सल्लामसलत ‘खाजगी’ कशी ठरते? ज्यांच्या हक्कांना कात्री लागायची, त्यांनाच तिचा सुगावा लागू नये, एवढाच त्या शब्दाचा अर्थ उरतो.

१७६५ साली जमावाने हचिन्सनचे घर उद्ध्वस्त केले, हस्तलिखिते रस्त्यावर फेकली. त्या कृत्याचे समर्थन कोणी करू नये. स्टॅम्प अ‍ॅक्ट त्याला स्वतःलाही अयोग्य वाटत होता, हेही खरे. पण खाजगीत नापसंती आणि जाहीरपणे अंमलबजावणी, ही सज्जनता जनतेच्या काय कामाची? लेफ्टनंट गव्हर्नर, मुख्य न्यायाधीश, कौन्सिलचा सभासद आणि प्रोबेट न्यायाधीश ही पदे तो एकाच वेळी भूषवीत होता. पुढे तो गव्हर्नर झाला, तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नरच्या जागी त्याचा साडू अँड्र्यू ऑलिव्हर बसला. कुटुंबाची मक्तेदारी आणि राज्याचा कारभार यांतील सीमारेषाच पुसली गेली होती.

१७७२ साली तर त्याचा पगार विधिमंडळाऐवजी राजाकडून, जकातीच्या उत्पन्नातून मिळू लागला. लोकप्रतिनिधींच्या हातची अखेरची दोरी अशी कापली गेली. पुढच्याच वर्षी, बंगाल लुटूनही कर्जात बुडालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला सावरण्यासाठी पार्लमेंटने चहाचा कायदा केला. बोस्टनमध्ये कंपनीचा चहा ज्यांच्याकडे सोपविला गेला, त्यांत गव्हर्नराचे दोन पुत्र होते. चहाची जहाजे परत पाठवा, ही मागणी त्याने धुडकावली. १६ डिसेंबर १७७३ रोजी ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. हितसंबंध इतके उघडे असताना त्याच्या निःस्पृहतेचे गोडवे कशासाठी?

त्याच्या विरोधकांचेही दैवतीकरण नको. स्वातंत्र्याचा घोष करणाऱ्या कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते, आणि १७७३ च्या जानेवारीत बोस्टनच्या गुलामांनी गव्हर्नराकडे व विधिमंडळाकडे केलेल्या अर्जाने ही विसंगती उघडी पाडली. परंतु तेथेही हचिन्सनची कसोटी लागली होतीच. गुलामांची आयात थांबविणारे विधेयक विधिमंडळाने १७७१ साली संमत केले, त्याला त्याने संमती नाकारली. वरिष्ठांचे आदेश त्याच्या आड येत होते!

१ जून १७७४ रोजी तो इंग्लंडला निघाला आणि १७८० साली तेथेच, मायभूमीसाठी झुरत मरण पावला. त्या दुःखाबद्दल कोणालाही कणव वाटावी. पण राज्यकर्त्याचे मोजमाप त्याच्या अंतःकरणावरून करायचे नसते. तो उत्तरदायी कोणाला, हे पाहायचे असते. हचिन्सनचा पगार राजाकडून येत होता, आदेश लंडनहून येत होते, मनातले विचारही लंडनलाच कळविले जात होते. मॅसॅच्युसेट्सच्या जनतेच्या वाट्याला फक्त आज्ञापालन उरले होते. ती छापलेली पत्रे वाचून तेथील विधिमंडळाने त्याच्या बडतर्फीची मागणी केली, ती सर्वस्वी न्याय्य होती.