मान कुणाच्या हाती?

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे पूर्वी पायाळू माणसाला शोधून आणायचे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याने पाठीला हलकेच पाय लावला की उसण गेली, असा ठाम विश्वास! फी नाही, अपॉइंटमेंट नाही आणि क्वालिफिकेशन तर एकदम जन्मजात. खात्री करायचीच असेल, तर त्याच्या आईला विचारायचं. बस्स.

आपण मात्र नऊ तास खुर्चीत आणि दोन तास ट्रॅफिकमध्ये बसणारे लोक. आपल्याला पायाळू कुठून भेटणार? आपल्याला भेटतात रील्स. हनुवटीखाली टॉवेल, एक झटका, माईक लावून टिपलेला तो 'कडाड्' आवाज आणि पेशंटचा सुटकेचा सुस्कारा. मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपवर एकीने विचारलं, "बाणेर-औंधमध्ये कुणी चांगला कायरोप्रॅक्टर माहितीये का गं?" अर्ध्या तासात सहा नंबर आले. सोबत रिव्ह्यू : 'मस्त आहे, एकदम हलकं वाटतं.' त्या सहांपैकी एकाचंही शिक्षण काय, हे कुणालाच सांगता येईना. म्हणजे बघा, मोबाइल घेताना आपण कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तोंडपाठ करतो आणि मान मात्र 'मस्त आहे'वर देऊन टाकतो!

मग काय, सहाही ठिकाणी मीच फोन लावले.

त्याआधी थोडा इतिहास. कायरोप्रॅक्टिकचा जन्म १८९५चा, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावातला. डॅनिअल डेव्हिड पामर (आडनावच तसं आहे, हसू नका) याने हार्वी लिलार्ड नावाच्या कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या मणक्यावर दाब दिला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा पामरचा दावा. मणका सरळ केला की सगळे आजार पळतात, हा तेव्हाचा फंडा आज टिकत नाही. पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात हा रीतसर परवाना लागणारा व्यवसाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पूर्ण शिक्षण किती? चार वर्षं, किमान ४२०० तास. त्यातले हजारभर तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर काम.

आणि आपल्याकडे? एमबीबीएसवाल्यांना असते तशी कायरोप्रॅक्टरची वेगळी कायदेशीर परिषद भारतात नाही. त्यामुळे पाटीवर 'कायरो' लिहिणारा माणूस तीनपैकी काहीही असू शकतो. परदेशातून 'डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक' म्हणजे डीसी होऊन आलेला, फिजिओथेरपी शिकून वर मॅन्युअल थेरपीचे कोर्स केलेला, किंवा एका वीकएंडच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेला. फ्रेम तिघांचीही सारखीच चकाचक!

माझा पहिला फोन असा झाला :

"सर डॉक्टर आहेत ना?"

"हो मॅडम, कायरोचे डॉक्टर."

"डिग्री कुठली?"

"सर सर्टिफाइड आहेत."

"कुणी केलंय सर्टिफाइड?"

पुढे नुसतं होल्डचं म्युझिक. ते संपलं तेव्हा ऑफर आली : आज बुक केलं तर चोवीस सिटिंगच्या पॅकेजवर डिस्काउंट. माझी पाठ बघायच्याही आधी तिला चोवीस सिटिंग लागणार, हे त्यांना कळलं होतं!

याउलट चौथ्या फोनवर एक बाई स्वतः बोलल्या. म्हणाल्या, "मी कायरोप्रॅक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. नोंदणी क्रमांक देते, लिहून घ्या. मॅनिप्युलेशन करते, पण आधी तपासून. आणि मानेवर शक्यतो नाहीच." मी न विचारता क्रमांक सांगणारी ही एकमेव व्यक्ती. माझा जीव तिथेच भांड्यात पडला.

तर विचारायचं काय? डिग्री कोणती, कॉलेज कोणतं, नोंदणी कुठे आणि क्रमांक काय. डीसी असेल तर घरबसल्या पडताळता येतं. ब्रिटनमध्ये शिकून प्रॅक्टिस केली असेल तर तिथल्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलच्या ऑनलाइन रजिस्टरमध्ये नाव शोधा. ऑस्ट्रेलियासाठी 'आप्रा' या संस्थेचं रजिस्टर आहे. अमेरिकेत मात्र राज्यागणिक बोर्ड वेगळं, म्हणून राज्याचं नावही विचारून घ्या. परत आल्यावर तिकडचं लायसन्स रिन्यू न करणारे असतात, त्यात लगेच काळंबेरं समजू नका. पण कॉलेजचं नाव तरी स्पष्ट सांगता यायला हवं. फिजिओ असेल तर महाराष्ट्राच्या २००२च्या कायद्याने झालेली ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे, नोंदणी तिथली विचारा. एमबीबीएस म्हणवत असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल.

नुसत्या 'डॉ.'वर जाऊ नका हं. या दोन अक्षरांवरून सरकारचाही गोंधळ उडतो. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी 'डॉ.' लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं!

बरं, आवाजाचं गुपित. तो 'कडाड्' म्हणजे हाड जागेवर बसल्याची पावती नाही. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. फायदा होतो का? कंबरदुखीत काहींना होतो, पण माफक. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६मध्ये सांगितलं की हाताने करायचे असे उपचार द्यायचेच तर व्यायामाच्या जोडीनेच. थोडक्यात, तुम्ही टेबलवर निवांत पडून राहा, बाकी सगळं मी बघतो, असं म्हणणारा माणूस अर्धंच सांगतोय.

मानेचं प्रकरण वेगळं. जोरदार झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. क्वचित होतं, पण होतं. म्हणून चांगला माणूस आधी प्रश्न विचारतो : रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ आहेत का, प्रेग्नन्सी आहे का, चक्कर येते का. हातापायाची ताकद बघतो. काय करणार ते सांगतो आणि तुमच्या 'हो'साठी थांबतो. 'मानेला झटका नको' म्हटल्यावर जो हसतो, त्याच्या टेबलवरून उठून या. पैसे गेले तरी चालतील.

आणि पाठदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली किंवा ताप असेल, तर कायरो, फिजिओ, पायाळू, कुणीच नको. सरळ हॉस्पिटल, तेही त्याच दिवशी.

अजून एक राहिलंच. कटिंग झाल्यावर प्रेमाने मान कडकन मोडून देणारा कोपऱ्यावरच्या सलूनमधला दादा. त्याची डिग्री विचारायची गरज नाही. खुर्चीत बसतानाच सांगा, "दादा, फक्त कटिंग."