विश्लेषण : मोठे ध्येय की कारभाराचा अनुभव? दिल्लीच्या ४९ दिवसांनी काय दाखवले?

नवा उमेदवार व्यवस्था बदलण्याचे बोलतो, जुना उमेदवार केलेल्या कामांची यादी वाचतो. मत कोणाला द्यायचे? २०१३च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत हा पेच जितका ठळकपणे समोर आला, तितका क्वचितच येतो.

सामना कोणात होता?

शीला दीक्षित १९९८पासून सलग १५ वर्षे मुख्यमंत्री होत्या. त्याआधी त्या खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री होत्या. केंद्रात वाजपेयी सरकार आणि दिल्लीत काँग्रेस असतानाच डिसेंबर २००२मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. मेट्रो कंपनीत केंद्र आणि दिल्ली सरकारचा वाटा निम्मा-निम्मा, म्हणजे दोघांनी जमवून घेतल्याशिवाय गाडी हललीच नसती. मात्र २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या कामांवरून शुंगलू समितीने दिल्ली सरकारवरही ताशेरे ओढले आणि १५ वर्षांच्या अनुभवाची दुसरी बाजू दिसली.

समोर होते अरविंद केजरीवाल. आयआयटीचे अभियंता, महसूल सेवेतले माजी अधिकारी, माहिती अधिकार चळवळीतले कार्यकर्ते. ‘अनुभव शून्य’ ही त्यांच्यावरची टीका अर्धीच खरी होती. अनुभव होता, पण सरकारला जाब विचारण्याचा. सरकार चालवण्याचा नव्हे. त्यांनी दीक्षित यांना २५ हजारांहून अधिक मतांनी हरवले. पक्षाला ७०पैकी २८ जागा मिळाल्या आणि काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर सरकार आले.

काय झाले, काय अडले?

शपथविधी झाला २८ डिसेंबरला. त्यानंतर तीन-चार दिवसांतच मीटर असलेल्या घरांना महिन्याला २० हजार लिटर पाणी मोफत आणि ४०० युनिटपर्यंतच्या वापराला वीज निम्म्या दरात, हे निर्णय जाहीर झाले. त्यासाठी नवा कायदा लागत नव्हता. जल मंडळ आणि अनुदानाचा पैसा दोन्ही राज्य सरकारच्या हातात होते.

जनलोकपालचे मात्र तसे नव्हते. घटनेच्या अनुच्छेद २३९एए नुसार दिल्लीत पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडे आहे. हे विधेयक मांडण्याआधी केंद्राची संमती हवी, अशी भूमिका नायब राज्यपालांनी घेतली. असे बंधनच घटनाबाह्य आहे, हा ‘आप’चा युक्तिवाद होता. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी ४२ आमदारांनी विधेयक मांडण्यासच विरोध केला, बाजूने होते २७. त्याच दिवशी केजरीवाल यांनी राजीनामा दिला.

इथे एक गोष्ट सहज विसरली जाते. त्या दिवशी अडचण अनुभवाची कमी आणि आकड्यांची जास्त होती. अनुभव असता तर हे आकडे आधीच मोजले गेले असते, इतकेच.

बहुमताने प्रश्न सुटला का?

केजरीवाल यांनी राजीनाम्याबद्दल दिल्लीकरांची माफी मागितली आणि २०१५मध्ये ७०पैकी ६७ जागा जिंकल्या. जनलोकपाल विधेयक त्याच वर्षी विधानसभेत मंजूरही झाले, पण केंद्राच्या मंजुरीअभावी कायदा झाला नाही. अधिकाऱ्यांवर ताबा कोणाचा, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२३मध्ये निकाल दिल्ली सरकारच्या बाजूने लागला आणि आठ दिवसांत केंद्राने अध्यादेश काढून तो अधिकार पुन्हा काढून घेतला. पोलिसांचेही तेच. डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्कारानंतर लोकांचा रोष दीक्षित यांच्यावरही निघाला, पण दिल्ली पोलीस त्यांच्या हाताखाली नव्हते.

म्हणून जाहीरनामा वाचताना पहिला प्रश्न विचारावा तो पदाबद्दल : हे काम या खुर्चीच्या अधिकारात येते का? येत असेल, तर नवखाही ते चार दिवसांत करू शकतो. येत नसेल, तर ज्याच्याकडे अधिकार आहेत त्याच्याकडून उमेदवार ते कसे करून घेणार, याचे उत्तर त्याच्याकडे हवे. दीक्षित यांना ते मेट्रोबाबत सापडले होते.

२०२५मध्ये केजरीवाल मैदानात उतरले ते दहा वर्षे सत्ता सांभाळलेला नेता म्हणून. यावेळी केलेल्या कामांची यादी त्यांच्या हातात होती आणि भ्रष्टाचाराचे आरोपही त्यांच्यावर होते. ज्या नवी दिल्ली मतदारसंघात त्यांनी दीक्षित यांना हरवले होते, तिथेच ते सुमारे चार हजार मतांनी हरले.