दगडाची दोन वये

आमच्या मोहगावच्या पंचक्रोशीत दगड म्हटला की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर होणारी गोटमार आठवते. परंतु ज्या दगडाने डोकी फुटतात, त्याच दगडावरून काळही मोजता येतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते.

बांधावर पडलेला एखादा काळा दगड फोडून पाहावा. आतील भाग काळाभोर व कठीण असतो. बाहेर मात्र तांबूस-पिवळट साल आढळते. ऊन, पाऊस व हवा यांच्या योगाने दगडाचा पृष्ठभाग हळूहळू कुजतो. यास विदारण म्हणतात. साल जितकी जाड, तितका दगड अधिक काळ उघड्यावर राहिलेला, असे स्थूलमानाने म्हणता येते.

उंच पर्वतांत या गोष्टीचा मोठा उपयोग होतो. हिमनदी वितळून मागे हटते, तेव्हा तिने वाहून आणलेल्या दगडगोट्यांचे बांध मागे उरतात. त्यांस हिमोढ म्हणतात. त्यांतील आधीचा कोणता व नंतरचा कोणता, हे ठरविण्यासाठी शास्त्रज्ञ दगडांची साल मोजतात. किंवा स्प्रिंगच्या हातोडीने ठोका देऊन ती किती उसळते ते पाहतात. ही हातोडी १९४८ च्या सुमारास अर्न्स्ट श्मिट यांनी काँक्रीटची परीक्षा करण्यासाठी तयार केली होती. ताज्या दगडावर ती अधिक उसळते, कुजलेल्यावर कमी. मात्र एवढ्याने केवळ क्रम कळतो. वर्षे सांगावयाची तर त्याच जातीचे, त्याच हवामानातील आणि ज्यांचे वय अन्य मार्गाने ठाऊक आहे असे दगड शेजारी हवेत. शिवाय एका दगडावर भिस्त ठेवून चालत नाही. अनेक मोजावे लागतात.

येथेच एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. प्रत्येक दगडास दोन वये असतात : एक जन्माचे, दुसरे उघडे पडल्याचे. दख्खनचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. त्याची साल मात्र तो उघड्यावर आल्यानंतरचीच गोष्ट सांगते.

चंद्रपूर जिल्ह्यातील इरई येथे याहून नवलाचे उदाहरण आहे. तेथील चुनखडकावर बर्फाने घासून पाडलेले ओरखडे असल्याचे फेडन यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. आज उन्हाने होरपळणाऱ्या त्या भूमीवर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ होते ! परंतु त्या बर्फाचा काळ साल मोजून कळणार नाही; कारण त्या खुणा युगानुयुगे थरांखाली झाकलेल्या होत्या, आणि झाकलेल्या काळाचा हिशेब साल ठेवीत नाही. तेथे थरांचा क्रम व त्यांतील जीवाश्म यांचीच साक्ष घ्यावी लागते.

यावरून माझे म्हणणे असे की, जुनेपणाविषयी बोलताना आपण अधिक जबाबदारीने बोलावे. एखादे देऊळ, पायरी वा शिळा दिसली की ‘हजारो वर्षांपूर्वीची’ असे आपण सहज म्हणून जातो. त्याने गावाचा मान वाढतो असे वाटते. पण खोटा आकडा एकदा उघडा पडला की खऱ्या प्राचीनतेवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. त्याहून वाईट म्हणजे, जुन्या दगडांस आपण हौसेने तैलरंग फासतो, घासून चकचकीत करतो. त्यायोगे दगड सुंदर दिसत असेल, परंतु त्याची साक्ष कायमची पुसली जाते.

विद्यार्थिमित्रहो, कोणी ‘हे फार जुने आहे’ असे म्हटले, तर नम्रपणे दोन प्रश्न विचारा : वय कोणते, जन्माचे की उघडे पडल्याचे ? आणि मोजले कशाने ? उत्तर न मिळाले तर ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. खऱ्या शोधाचा आरंभ तेथूनच होतो.