इंग्रजीची फूटपट्टी

सामना संपून पारितोषिक वितरण सुरू झाले, की खेळाडूची कसोटी संपली असे कोणासही वाटेल. वस्तुतः कित्येक क्रिकेटशौकिनांच्या लेखी दुसरी कसोटी तेथेच सुरू होते. ध्वनिक्षेपकासमोर इंग्रजी बोलताना एखादे क्रियापद चुकले, उच्चार अडखळला, की खेळाडूची फलंदाजी विसरली जाते आणि घटकाभरात त्याची टवाळी सर्वत्र पसरते. हे केवळ पोरकट प्रेक्षकच करतात असेही नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने बाबर आझम यास २०२२ सालचा सर्वोत्कृष्ट क्रिकेटपटू ठरविले. पुढच्याच महिन्यात त्याच्याच देशाचा माजी गोलंदाज शोएब अख्तर याने, बाबर देशातील सर्वांत मोठा ‘ब्रँड’ झाला नाही याचे खापर त्याच्या बोलता न येण्यावर फोडले. आपल्याकडेही १९८३ साली विश्वचषक उंचावणाऱ्या कपिल देवच्या इंग्रजीला नाके मुरडणारे होतेच.

हा रोग आपल्याच उपखंडाचा नव्हे. जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानी दुभाष्याकरवी बोलतो, हे खेळाच्या लोकप्रियतेस बाधक आहे, असे एका अमेरिकन समालोचकाने जुलै २०२१ मध्ये म्हटले. टीकेची झोड उठताच त्यास क्षमा मागावी लागली; आणि त्याच हंगामात ओहतानी अमेरिकन लीगचा सर्वाधिक मोलाचा खेळाडू म्हणून एकमताने निवडला गेला.

लिओनेल मेस्सी मात्र २०२३ पासून अमेरिकेत खेळूनही जाहीरपणे स्पॅनिशच बोलतो. त्याचे चाहते भाषांतराची वाट आनंदाने पाहतात. मग खेड्यातून आलेल्या आपल्या गोलंदाजालाच व्याकरणाचे गुण का द्यावयाचे? याचा अर्थ उघड आहे: हसणे भाषेला नसते, ते माणसाच्या पायरीला असते.

हे गोमंतकाला कोणी शिकवावयास नको. १९६१ पूर्वी येथे पोर्तुगीज येणारा शहाणा गणला जाई. राज्य पालटले आणि फूटपट्टी इंग्रजीच्या हाती गेली. माणसे तीच, बुद्धीही तीच. बदलला तो केवळ सरकारदरबारचा मान.

इंग्रजी अवश्य शिकावी. तिच्यावाचून अडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु खेळाडूस आपल्या भाषेत बोलू द्यावे, शेजारी दुभाषा उभा करावा, इतके तरी आयोजकांना सहज करता येईल. आणि चाहत्यांनी स्वतःस एकच विचारावे: जी भाषा आपणही कष्टानेच शिकलो, तिच्यात दुसरा अडखळला तर हसण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?