अशुभ शब्द आधी दिसतो?

सकारात्मक विचारांच्या शिबिरात, जाहिरातीच्या वर्गात आणि बातमीला मथळा कसा द्यावा हे शिकवणाऱ्या व्याख्यानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: वाईट शब्द डोळ्यांत आधी भरतो. कारणही तयार असतं. जंगलात ज्याला वाघ आधी दिसला तो वाचला. त्याचे आपण वंशज. म्हणून ‘वाघ’, ‘साप’, ‘मरण’ हे शब्द आपला मेंदू बाकीच्या शब्दांआधी टिपतो. हे इतकं पटण्यासारखं आहे की पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. मागितला, तर प्रयोगशाळेतलं घड्याळ जवळजवळ उलटं सांगतं.

वंशजांच्या युक्तिवादातच एक भोक आहे. जंगलात दिसायचा तो वाघ, ‘वाघ’ नव्हे. ‘साप’ हा शब्द वळवळत नाही. छापलेल्या ओळीत तो ‘साय’ या शब्दासारखा दिसतो. प आणि य यांच्या एका वळणाचा काय तो फरक. दुधावरच्या सायीला कुणी दचकत नाही. तेव्हा ‘साप’ने दचकायचं असेल तर आधी ते अक्षर प आहे, य नाही, इतकं तरी ठरलेलं हवं. म्हणजे थोडंफार वाचन भीतीच्या आधी आलंच. मग ‘आधी’ या शब्दाचा अर्थ काय?

तो घड्याळानेच लागतो. या क्षेत्रातला सर्वांत वापरला जाणारा प्रयोग दिसायला पोरखेळ आहे. अंधाऱ्याशा खोलीत संगणकासमोर एक विद्यार्थी बसतो. पडद्याच्या मधोमध अधिकचं चिन्ह येतं, विझतं, आणि त्याच जागी अक्षरं उमटतात: पणती. खरा शब्द असेल तर उजवी कळ, नसेल तर डावी. मग ‘पिंचू’. डावी. मग ‘विंचू’. उजवी, पण पणतीपेक्षा किंचित उशिरा की लवकर? असे शेकडो शब्द आणि अशब्द सरकत जातात आणि संगणक प्रत्येक उत्तराला लागलेले मिलिसेकंद टिपतो. सराईत वाचक अर्ध्या-पाऊण सेकंदात निकाल देतो. भावनेमुळे पडणारा फरक असतो तो त्यातल्या मोजक्या मिलिसेकंदांचा, पापणी लवायला लागणाऱ्या वेळापेक्षाही पुष्कळ कमी. एवढ्याशा फरकावर सत्तर-पाऊणशे वर्षं वाद चालू आहे.

गंमत म्हणजे वादाची सुरुवात उलट्या दाव्याने झाली. जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये असं सुचवलं होतं की नकोसा शब्द ओळखायला मन टाळाटाळ करतं. १९४९ मध्ये एलियट मॅकगिनीज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्याची चाचणी घेतली. आठ मुलगे आणि आठ मुली. समोर टॅकिस्टोस्कोप, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता शब्द दाखवणारं यंत्र. ओळखता आला नाही तर तोच शब्द थोडा जास्त वेळ. एकूण १८ शब्द: ११ साधे, जसे सफरचंद, नदी, झाडू, संगीत, आणि ७ चारचौघांत न उच्चारायचे, त्यांत वेश्येसाठीचा एक शब्द, एक शिवी, पुरुषाच्या अवयवाचं नाव. निषिद्ध शब्द ओळखायला जास्त वेळ दाखवावे लागले. शिवाय अचूक नाव सांगता येण्याआधीच तळहाताच्या घामाची विद्युत्‌नोंद वर गेलेली. निष्कर्ष दणदणीत होता. मनाच्या दारात एक पहारेकरी उभा आहे, तो शब्द आधी वाचतो, आणि घाणेरडा असेल तर मालकाला कळू देत नाही.

फ्रॉइड वाचून वाढलेल्या त्या काळाला हा पहारेकरी फार आवडला. पुढच्याच वर्षी डेव्हिस हाउझ आणि रिचर्ड सॉलोमन यांनी त्याला घरी पाठवलं. त्यांचे आक्षेप दोन, आणि दोन्ही इतके साधे की आधी कुणाला का सुचले नाहीत याचंच नवल वाटतं. पहिला: हे शब्द छापील मजकुरात क्वचित येतात, आणि क्वचित दिसणारा शब्द, मग तो कितीही सोवळा असो, ओळखायला वेळ लागतोच. दुसरा: १९४९ सालची कॉलेजकन्यका. प्राध्यापकांसमोर तो शब्द मोठ्याने म्हणायचा. चुकला तर? ‘सर, मला वाटलं तो...’ असं काय सांगणार? ती शंभर टक्के खात्री होईपर्यंत गप्प बसणारच. शब्द दिसला नव्हता असं नाही. तोंडातून निघत नव्हता.

पहिला आक्षेप मराठीत करून पाहिला की त्याची धार कळते. एका यादीत ‘अवदसा’, ‘विध्वंस’, ‘दुर्गंधी’. दुसरीत ‘घर’, ‘पाणी’, ‘झाड’. पहिली यादी हळू वाचली गेली म्हणून ‘नकारात्मक भावनेने वाचन मंदावतं’ असं जाहीर करणाऱ्याला शाळेतलं पोरही विचारेल की पहिल्या यादीतले शब्द लांब आहेत, काही जोडाक्षरांचे आहेत, रोजच्या बोलण्यातले नाहीत, त्याचं काय? हा प्रश्न संशोधकांनी मात्र पुरेसा विचारला नाही. शब्द कोणत्या रंगात छापलाय एवढंच सांगायचं, अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, असा एक लोकप्रिय प्रयोग आहे. ‘कर्करोग’सारख्या शब्दांवर रंग सांगायला उशीर होतो म्हणून त्यातून भावनेची ताकद सिद्ध केली जायची. २००६ मध्ये लार्सन, मर्सर आणि बलोटा यांनी अशा ३२ अभ्यासांतले शब्द काढून मोजले. भावनिक शब्द तुलनेच्या शब्दांपेक्षा लांब होते, दुर्मीळ होते, आणि त्यांच्यासारखे दिसणारे शेजारी शब्दही त्यांना कमी होते. भावनेच्या नावावर जमा झालेल्या मिलिसेकंदांतले किती लांबीचे आणि किती दुर्मीळपणाचे, याचा हिशेब कुणी ठेवलाच नव्हता.

इथवर आलेला वाचक दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका आहे. सगळा लांबी-वारंवारतेचा खेळ, भावना वगैरे काही नाही. आधी अक्षरं जुळतात, मग शब्द ठरतो, आणि मग सावकाश हसायचं की रडायचं ते ठरतं. वाचनाचे अभ्यासक बराच काळ हेच गृहीत धरून चालले. १९८१ चं मॅक्लेलंड आणि रुमेलहार्ट यांचं गाजलेलं प्रारूप घ्या: रेषा, अक्षरं, शब्द असे तीन मजले आहेत, वरखाली संदेश धावतात, पण शब्द सुखाचा की दुःखाचा याला कुठेच खोली नाही. टाइपरायटरने वाचावं तसं हे वाचन.

हेही टिकत नाही. लांबी, वारंवारता, शेजारी अशा सगळ्या वजावटी करून झाल्यावरही काहीतरी उरतं. प्रश्न एवढाच की काय उरतं, आणि तिथे मंडळी भांडली. २००८ मध्ये एस्टिस आणि एडेलमन यांनी हजारावर इंग्रजी शब्दांचे आकडे चाळले आणि म्हणाले, दुःखद शब्द हळू. पुढच्याच वर्षी कूस्टा, विन्सन आणि व्हिग्लिओको यांनी सांगितलं की सुखद असो वा दुःखद, भावनेचा शब्द भावनाशून्य शब्दापेक्षा लवकर ओळखला जातो. मग २०१४ मध्ये कूपरमन, एस्टिस, ब्रिसबार्ट आणि वॉरिनर यांनी एकदम १२,६५८ शब्द घेतले. निकाल असा: शब्द जितका दुःखद तितका हळू, जितका सुखद तितका जलद; आणि मन खवळवणारा शब्द मन शांतवणाऱ्यापेक्षा हळू. ओळखण्याच्या वेळेतल्या चढउतारापैकी सुमारे २ टक्के एवढाच वाटा सुखदुःखाचा, क्षोभाचा त्याहूनही कमी.

दोन टक्के! ज्यांना शिबिरं भरवायची आहेत त्यांच्यासाठी हा आकडा फारच लाजिरवाणा, आणि टाइपरायटरवाल्यांसाठी फारच अडचणीचा. तो शून्य नाही. २००९ आणि २०१४ चा वाद पुरता मिटलेला नाही, पण सुखद शब्द जलद यावर दोन्ही बाजू एकत्र आहेत. भांडण आहे ते दुःखद शब्द साध्या शब्दाच्या मागे की पुढे एवढ्यावर. दुःखद शब्द सगळ्यांच्या आधी पोहोचतो, हे दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

‘आधी दिसतो’वाल्यांचा सर्वांत भक्कम पुरावा लपवणं बरं नव्हे. २००९ मध्येच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नसरल्लाह, कार्मेल आणि लाव्ही यांनी शब्द क्षणार्धात दाखवून झाकून टाकले आणि विचारलं, हा भावनेचा होता की साधा? दुःखद शब्दांच्या बाबतीत उत्तरं जास्त बरोबर आली. वृत्तपत्रांनी ते उचलून धरलं. पण तिथे शब्द कोणता हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याचा फक्त वास विचारला होता. स्वयंपाकघरात काहीतरी करपलंय हे कळणं वेगळं आणि भाजी करपली की दूध हे कळणं वेगळं. दुःखद शब्द लक्ष पकडून ठेवतो, हा एस्टिस-एडेलमन यांचाही खुलासा आहे. त्या पकडीपायीच कळ दाबायला उशीर होतो. पाय खिळले म्हणजे माणूस लवकर पोहोचला असं नव्हे.

मथळ्यांचा दाखला तर या वादात चालतच नाही. अपवर्दी या संकेतस्थळाच्या सुमारे १ लाख ५ हजार मथळ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की त्यावर बोट टेकवणाऱ्यांचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढलं. खरं आहे. पण बोट टेकवणं हा वाचून झाल्यानंतरचा निर्णय आहे. अपघात पाहायला गर्दी जमते, म्हणून डोळ्यांना रक्त लवकर दिसतं असं कुणी म्हणत नाही.

टाइपरायटरवाल्यांना उत्तर मेंदूच्या आलेखातून मिळतं. योहाना किसलर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या कॉन्स्टान्झमध्ये लोकांना नुसतं मनात वाचायला सांगितलं. कळ नाही, उत्तर नाही, भावनेबद्दल चकार शब्द नाही. २००७ मध्ये त्यांनी छापलेल्या निष्कर्षानुसार शब्द पडद्यावर आल्यावर साधारण पाव सेकंदात, डोक्याच्या मागच्या भागातल्या लहरी सुखद आणि दुःखद शब्दांना साध्या शब्दांपेक्षा वेगळ्या उमटत होत्या. शब्द ओळखला जात असतानाचाच हा काळ. म्हणजे भावना वाचनाच्या मागून चालत येत नाही. ओळख पटण्याच्या कामात तिचाही हात असतो, फक्त कारभार तिच्या हाती नसतो.

मराठी माणसाला एक दाखला इथे हमखास आठवेल: कोपरा फाडलेलं कार्ड. पोस्टमनने ते हातात ठेवलं की एक अक्षरही न वाचता घरात रडारड सुरू व्हायची. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यावर कुंकू, मयताच्या पत्राचा कोपरा गायब. ‘तार आली’ एवढ्यानेही तेच व्हायचं. तारेत मुलगा झाल्याची बातमी असली तरी. हा भावनेचा वाचनावरचा विजय म्हणून सांगितला जातो, पण त्यात शब्द ओळखण्याचा संबंधच नाही. तिथे कागद वाचला गेला, अक्षरं नव्हेत. प्रयोगशाळेत याच कारणासाठी प्रत्येक शब्द त्याच टंकात, त्याच आकारात, त्याच करड्या पडद्यावर येतो. कोपरा कुणाचाच फाटलेला नसतो.

मग शब्दात ही भावना भरते कुठून? बोस्टनमध्ये कॅथरिन हॅरिस, आयशे आयचिचेगी आणि जीन बर्को ग्लीसन यांनी तुर्की मातृभाषा असलेले, इंग्रजी उशिरा शिकलेले लोक निवडले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात निषिद्ध शब्द, आणि लहानपणी ऐकलेली ‘लाज वाटत नाही का’ छापाची बोलणी, दोन्ही भाषांत वाचायला आणि ऐकायला दिली, घामाची विद्युत्‌नोंद घ्यायला बोटांना तारा लावून. अर्थ दोन्हीकडे तोच. इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं. तरीही त्वचा मातृभाषेला जास्त चमकली, विशेषतः बोलणी खाताना. शब्दकोशातला अर्थ सारखा असून अंगावर येणं वेगळं. ते येतं वापरातून: कुणी, कुठल्या वयात, कुठल्या आवाजात तो शब्द पहिल्यांदा कानावर घातला त्यातून.

मराठी घरांना हे आकडेवारीविना ठाऊक असल्यासारखं दिसतं. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. रात्री सापाला लांबडं म्हणायचं. आणि हल्ली फोनवर ‘काका एक्सपायर झाले’ असं सहज सांगितलं जातं. ‘मेले’ तर नाहीच, ‘वारले’सुद्धा जिभेला जड होतं, औषधाच्या पाकिटावरचा इंग्रजी शब्द मात्र त्वचेला न लागता निघून जातो.

याच जागी प्रयोगशाळेचीही पंचाईत आहे. शब्दाला भावनेचा आकडा द्यायचा तर लोकांना विचारावं लागतं. वॉरिनर, कूपरमन आणि ब्रिसबार्ट यांनी १३,९१५ इंग्रजी शब्दांना १ ते ९ पर्यंतचे गुण लोकांकडूनच घेतले. एका शब्दाला एक सरासरी. ‘सुटला’ला किती द्यायचे? शाळेच्या फाटकाशी उभा असलेला मुलगा आठ देईल. सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याबद्दल दवाखान्याच्या जिन्यात तोच शब्द उच्चारणारी बाई पट्टीकडे बघत राहील.